साधं की पॉवर?

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात दुचाकी हे चैनीचं साधन नाही. कल्याणला लोकल गाठायची, शिळफाट्याच्या बाजूला कामाला जायचं, आईला डॉक्टरकडे न्यायचं, सगळं तिच्याच जिवावर. घरखर्चात पेट्रोलचा आकडा किराण्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्यामुळे पंपावरचा मुलगा नळी हातात घेऊन ‘साधं की पॉवर?’ असं विचारतो, तेव्हा त्याचं नेमकं उत्तर आपल्याला माहीत असलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. मी विठ्ठलवाडीहून आधी शंभर सीसीची गाडी चालवली, आता साडेतीनशेची जुनी बुलेट चालवतो. भाच्याची दीडशे सीसीची स्पोर्ट्स बाइकही आमच्याच दारात उभी असते. या गाड्यांनी, आमच्या मिस्त्रींनी आणि थोड्याफार वाचनाने जे शिकवलं ते इथे मांडतो.

१. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, धीर.

पिस्टन वर येतो तेव्हा पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि दाबल्यामुळे तापतं. प्लगची ठिणगी पडेपर्यंत त्याने पेटता कामा नये. ठिणगी पडल्यावरही ज्योत एका बाजूने सुरू होऊन दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत उरलेल्या मिश्रणाने परस्पर भडकता कामा नये. पेट्रोल किती दाब आणि उष्णता सोसून थांबू शकतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. मोजायची रीत जुनी आहे. आयसो-ऑक्टेन हा द्रव सहजी भडकत नाही, त्याला १०० धरलं. हेप्टेन लगेच भडकतो, त्याला शून्य. ज्याचा दाब कमीजास्त करता येतो अशा एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनात आपलं पेट्रोल जर ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं वागलं, तर ते ९१ ऑक्टेनचं.

या सगळ्या व्याख्येत ताकदीचा उल्लेख कुठेच नाही. लिटरभर पेट्रोलमधून किती ऊर्जा मिळेल, हे हा आकडा सांगत नाही. पंपावरच्या फलकांवर धावणारे घोडे आणि ज्वाळा दिसतात, नावंही पॉवर, स्पीड अशीच, त्यामुळे महाग पेट्रोल टाकलं की गाडी पळते असा समज घट्ट बसला आहे. ज्या इंजिनाला ९१चं पेट्रोल पुरतं, त्याला ९९चं दिल्याने पिकअप वाढत नाही. काही मोठ्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं हे ओळखून तो ठिणगीची वेळ थोडी अलीकडे घेऊ देतो, आणि मग थोडा फरक पडतो. आपल्या रोजच्या बहुतेक दुचाकींत हा सेन्सर नसतो. गाडीला कळतच नाही की तुम्ही जास्त पैसे मोजलेत.

२. नॉकिंगचा आवाज कानाने ओळखायला शिका.

हे या लेखातलं सर्वांत उपयोगी कलम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गॅरेजमध्ये म्हणतात, ‘गाडी ठोकतेय’. मागे माणूस बसलेला, पुढे पिशव्या अडकवलेल्या, गाडी पत्री पुलाचा किंवा शहाडच्या पुलाचा चढ चढते आहे, वेग कमी आहे आणि तरी आपण वरचाच गिअर ठेवून अॅक्सिलरेटर पिळतो आहोत. अशा वेळी टाकीखालून बारीक, कोरडी टणटण ऐकू येते. ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि दाबाच्या लाटा पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, त्याचा तो आवाज. कधीमधी क्षणभर आला तर घाबरायचं कारण नाही. रोज, प्रत्येक चढावर येऊ लागला तर मात्र दुर्लक्ष करू नये. रिंगा तुटतात, पिस्टनचा माथा खरवडला जातो, हेड गॅस्केट जातं आणि शेवटी इंजिनच उतरवावं लागतं.

आवाज कशाचा, ते ओळखायला आमच्या मिस्त्रींनी सांगितलेली पद्धत सोपी आहे. गाडी उभी असताना, रनिंगवर असतानाही टिकटिक येत असेल, तर ती टॅपेटची. क्लच दाबून गाडी उतारावर सोडली तरी आवाज चाकाच्या वेगाबरोबर येत राहिला, तर चेन किंवा बेअरिंग पाहा. फक्त भार पडल्यावर, चढावर किंवा जोरात पिळल्यावर आला आणि अॅक्सिलरेटर सोडताच थांबला, तरच नॉकिंग.

आणि पहिला इलाज पेट्रोल नाही, डावा पाय आहे. एक गिअर खाली घ्या. फेरे वाढले की प्रत्येक वेळी मिश्रण जळायला वेळ कमी लागतो, कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप भडकायला सवड उरत नाही आणि ठोकणं थांबतं. वरच्या गिअरमध्ये पेट्रोल वाचतं या समजुतीने चढावर चौथा गिअर रेटणारे आपल्या भागात खूप आहेत. तिथे वाचणारं थेंबभर पेट्रोल इंजिनाच्या आयुष्यातून वजा होतं.

३. उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं.

गाडी घेताना मिळालेली ती छोटी पुस्तिका बहुतेक घरांत इन्शुरन्सच्या कागदांबरोबर पडून असते. ती काढून ‘इंधन’ किंवा ‘फ्युएल’ असं लिहिलेलं पान पाहा. काही गाड्यांत टाकीच्या झाकणाजवळही आकडा असतो. इंजिन ज्यांनी बनवलं त्यांनीच किमान ऑक्टेन किती हवा ते लिहिलेलं असतं, आणि त्यावर कोणाच्याही सल्ल्याची गरज नाही, माझ्याही नाही.

त्या आकड्यामागचं कारण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते. माझ्या जुन्या यूसीई इंजिनाच्या बुलेटचा रेशो ८.५ : १ आहे. रॉयल एनफिल्डच्या नव्या साडेतीनशेच्या इंजिनाचा ९.५ : १, आणि ६५०च्या इंटरसेप्टरचाही तेवढाच. हिरो स्प्लेंडरचा ९.९ : १. आता वर चला. यामाहा आर१५च्या तिसऱ्या आवृत्तीचा ११.६ : १, नव्या हिमालयन ४५०चा ११.५ : १, चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४००चा १२ : १. दाब जास्त, तर धीर जास्त हवा, हा ढोबळ नियम.

पण ढोबळच. मोठ्या बुलेटपेक्षा छोट्या स्प्लेंडरचा रेशो जास्त आहे, हे वरच्या आकड्यांत दिसलंच असेल. गाडीची किंमत, आकार, आवाज यांवरून पेट्रोल ठरवणारे इथेच फसतात. आणि दाब जास्त असला तरी पाण्याने थंड होणारं इंजिन, चार व्हॉल्व्ह, नेमकं इंजेक्शन यांमुळे नॉकिंग आवरता येतं. म्हणून रेशो पाहून स्वतः अंदाज बांधू नका, पुस्तिकेतला आकडा पाहा. भाच्याला मित्रांनी सांगितलं होतं की त्याच्या गाडीला प्रीमियमशिवाय चालणारच नाही. आम्ही पुस्तिका उघडली, साधं चालतं असं तिथे स्पष्ट छापलं होतं. तेव्हापासून तो निवांत साधं भरतो, आणि गाडी पहिल्यासारखीच पळते.

४. अमेरिकेचा ८७ आणि आपला ९१ यांची तुलना करू नका.

न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की ते लोक ८७ भरतात, मग आपल्याला ९१ कशाला? दोन्हीकडे मोजणी वेगळी आहे. ऑक्टेन दोन परिस्थितींत मोजतात: एकदा सौम्य, तो रिसर्च आकडा किंवा रॉन, एकदा जास्त तापमानात आणि जास्त फेऱ्यांवर, तो मोटर आकडा किंवा मॉन. भारतात आणि युरोपात रॉन सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लिहितात. म्हणून त्यांचा ८७ आपल्या ९१च्या आसपास येतो. परदेशी व्हिडिओ पाहून पेट्रोल ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

५. इथेनॉल आलं आणि हिशेब बदलला.

आपल्याकडचं साधं पेट्रोल पूर्वी ८८ रॉनचं होतं. बीएस-६ची मानकं १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली, त्यांत ते ९१चं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पोचलं. त्याचा रॉन ९५ आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन सुमारे १०८ असल्याने मिश्रणाचा आकडा वर जातो. महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्याचा यात मोठा वाटा आहे.

म्हणजे ज्याला आपण साधं म्हणतो, त्याचाच आकडा आता ९५ आहे. मग ‘९५’ लिहिलेल्या प्रीमियमला लिटरमागे जास्त पैसे देऊन ऑक्टेनच्या नावाने नेमकं काय मिळतं? माझ्या मते काहीच नाही. मिळतं ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारं रसायन. त्याचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण मग ते त्यासाठी घ्या, ताकदीसाठी नव्हे.

आणि ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे याचा पुरावा हवा असेल तर तो इथेच आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढवला आणि अॅव्हरेज कमी केलं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात, मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांवर जुळवलेल्या दुचाकींचं अॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. गल्लीत कोणी म्हणालं की अॅव्हरेज पडलं म्हणून आता जास्त ऑक्टेनचं भरतो, तर त्याला हे सांगा. ती घट ऑक्टेनच्या कमतरतेने आलेली नाही, म्हणून ऑक्टेन वाढवून भरूनही निघणार नाही.

जुन्या गाड्यांची खरी काळजी वेगळी आहे. कार्बोरेटरमधल्या रबरी वॉशर, पेट्रोलचा पाइप, कॉकची सीलं इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत हे भाग इथेनॉल सोसणारे आहेत. त्याआधीच्या गाडीवाल्यांनी दर सर्व्हिसिंगला पाइप आणि सीलं तपासून घ्यावीत. मी बुलेटचा पाइप बदलून घेतला. प्रीमियमवर जाणाऱ्या पैशांत ते काम सहज होतं.

६. गाडी ठोकू लागली तर पेट्रोलआधी इंजिन तपासा.

बरीच वर्षं नीट चाललेली बुलेट चढावर ठोकू लागली, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने महाग पेट्रोलच सुचवलं. मिस्त्रींनी ऐकलं नाही. आधी एअर फिल्टर पाहिला, मग प्लग काढला, मग ठिणगीचं टायमिंग तपासलं, आणि शेवटी हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हभोवती कार्बनचा जाड थर धरला होता. थरामुळे आतली जागा कमी होते, म्हणजे दाब वाढतो. शिवाय कार्बनचे कण लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. सगळं खरवडून, व्हॉल्व्ह बसवून गाडी जोडली आणि तेच साधं पेट्रोल टाकून आम्ही मुरबाड रस्त्याने चढ घेऊन आलो. आवाज गेला होता.

जास्त ऑक्टेनने तो आवाज काही काळ दबलाही असता, आणि कार्बन तसाच वाढत राहिला असता. म्हणून महाग पेट्रोलाने थांबणारं ठोकणं हे मला जास्त धोक्याचं वाटतं. आणखी दोन कारणं आपल्या भागात वारंवार सापडतात. अॅव्हरेज वाढावं म्हणून कार्बोरेटरचं मिश्रण फार पातळ करून ठेवणं हे एक. बुलेटला इंदोरी सायलेन्सर बसवून जेट तसेच ठेवणं हे दुसरं. दोन्हींत हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि ठोकतं. उन्हाळ्यात कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीत हवेने थंड होणारं इंजिन अर्धा तास रखडलं की हाच त्रास निरोगी गाडीलाही होतो. तिथे गाडी बंद करून उभं राहणं हाच इलाज.

७. घाटात आणि हिमालयात उलटं होतं.

माळशेजला निघालेल्या मुलांना मी हे नेहमी सांगतो. मुरबाड, टोकावडे सोडून घाट सुरू झाला की भार वाढतो, म्हणून गिअर खाली हवा. पण जसजसं वर जाल तशी हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये कमी भरते, दाब कमी होतो आणि ऑक्टेनची गरजही उतरते. माळशेजच्या उंचीवर हा फरक थोडाच. लडाखला, खारदुंग ला चढताना तो ठळक असतो. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतांच्या राज्यांत याच कारणाने ८७ऐवजी ८५चं पेट्रोल विकलं जातं. लडाखला जाताना ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या बॅगेत भरणाऱ्यांनी त्या जागी जास्तीचा क्लच वायर, प्लग आणि पंक्चरचं सामान न्यावं. तिथे गाडी दम टाकते ती हवेअभावी.

८. शंभर ऑक्टेन सर्वांसाठी नाही.

इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० आणलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. ज्यांच्या गाडीची पुस्तिका ते मागते, त्यांनी जरूर भरावं. स्प्लेंडर, अॅक्टिव्हा, बुलेटसाठी तो खर्च वाया आहे.

९. पावसाळ्यात पाणी ऑक्टेनसुद्धा खातं.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी मिश्रणात विरघळून राहतं. मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि वर उरतं ते इथेनॉल गमावलेलं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल. कॉक तळातून ओढतो, म्हणून गाडी आधी पाण्यावर अडखळते आणि नंतर चढावर ठोकते. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या काठच्या आपल्या वस्त्यांना पुराची ओळख नवी नाही. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तो पूर सर्वांच्या लक्षात असेल. जोराच्या पावसानंतर लगेच टाकी फुल करू नये. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का, ते पेस्ट लावलेल्या काठीने तपासतात, तसं तपासलंय का हे विचारायला संकोच करू नका. आणि टाकीच्या झाकणाशेजारचं पाणी वाहून जायचं बारीक भोक चिखलाने बुजलेलं असेल तर पाऊस थेट आत उतरतो. ते भोक जूनआधी तारेने मोकळं करून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल जुनं होऊ देऊ नका. त्यातले हलके अंश उडून जातात आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो.

१०. भेसळ असेल तर सगळा हिशेब खोटा.

रॉकेल मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि इंजिनात काजळी धरते. पुस्तिका वाचून, गिअर सांभाळून, कार्बन काढूनही मग गाडी ठोकते. हा विषय महाराष्ट्रात कोणी हलक्याने घेऊ नये. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळीचा छडा लावताना मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आलं. ज्या गुन्ह्याविरुद्ध एका अधिकाऱ्याने प्राण दिले, त्याची तपासणी करण्याचा जो साधा अधिकार आपल्याला आहे, तो आपण वापरतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काय करता येतं ते सांगतो. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलो यांमध्ये असावी लागते. त्या दिवशी आलेल्या मालाची घनता पंपावर नोंदलेली असते, आणि प्रत्यक्ष मोजमाप त्यापेक्षा ३ पेक्षा जास्त एककांनी हलता कामा नये. ग्राहकाने मागितल्यास हायड्रोमीटरने मोजून दाखवणं पंपाचं काम आहे. मागितल्यास फिल्टर पेपरही मिळतो. नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत तो पूर्ण उडाला पाहिजे. डाग उरला तर शंका घ्या. मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप प्रत्येक पंपावर असतं, ते भरून दाखवायला सांगा. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. मागे रांग ओरडेल, मुलगा कंटाळा करेल, तरी शांतपणे मागा आणि बिल घ्या. तक्रार करायची वेळ आली तर ते बिलच हाताशी लागतं.